वाक्याची साक्ष

मनुष्य काय बोलतो यावर त्याचा ताबा असतो. परंतु तो कोणत्या क्रमाने बोलतो, कोणता शब्द टाळतो, कोणता शब्द कारणावाचून दोनदा उच्चारतो आणि वाक्य कोठे अर्धवट सोडतो, यावर त्याचा तितकासा ताबा राहत नाही, ही गोष्ट फौजदारी कज्ज्यांत हयात घालविलेल्या वकिलांना जशी ठाऊक असते, तशीच ती श्रेष्ठ नाटककारांनाही ठाऊक असते. रंगभूमीवर लेखकाला स्वतःच्या तोंडाने काही सांगण्याची मुभा नाही. कादंबरीकार ‘हा इसम कपटी होता’ असे लिहून मोकळा होतो. नाटककाराला ते कपट त्या इसमाच्याच वाक्यांतून, आणि तेही त्याच्या नकळत, प्रेक्षकांच्या कानापर्यंत पोहोचवावे लागते. या कसोटीला पूर्णपणे उतरलेली जी थोडी नाटके जगाच्या वाङ्मयात आहेत, त्यांत शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे स्थान फार वरचे आहे असे माझे मत आहे, आणि आपण महाराष्ट्रात ते नाटक ज्या रीतीने शिकवितो आणि रंगभूमीवर आणतो, त्या रीतीने त्याचे हे बलस्थानच झाकले जाते, अशी माझी तक्रार आहे.

नाटकाच्या नवव्या अंकातील न्यायसभेचा प्रसंग प्रथम घेतो, कारण या विषयाचा सारा मर्मभाग तेथे एकवटला आहे. उज्जयिनीच्या पालक राजाचा मेहुणा शकार याने आदल्या अंकात पुष्पकरंडक उद्यानात वसंतसेना या गणिकेचा गळा आवळला आहे, ती मेली असे समजून तिच्यावर वाळलेला पालापाचोळा लोटला आहे, आणि आता तो त्याच खुनाचा आरोप दरिद्री पण सच्छील अशा चारुदत्तावर लादण्यासाठी स्वतः फिर्यादी होऊन न्यायसभेत दाखल होतो. न्यायाधीश, त्याच्या जोडीला बसणारा श्रेष्ठी आणि लेखनाचे काम करणारा कायस्थ, हे तिघे त्याला पाहून मनातून हबकतात. आज तुमचा व्यवहार पाहता येणार नाही, असा निरोप पाठविला जातो. त्यावर राजाला सांगून हा न्यायाधीश काढवितो आणि दुसरा बसवितो, अशी धमकी येते. आणि मग फिर्याद घेतली जाते. येथवरचा भाग कोणत्याही काळच्या दरबारी अंमलाचे चित्र म्हणून पुरेसा बोलका आहे. खरी कलाकुसर यापुढे आहे.

शकार बोलू लागतो तो प्रथम आपले कुळ सांगण्यासाठी. त्याचा बाप राजाचा सासरा आहे, राजा त्याच्या बापाचा जावई आहे, तो स्वतः राजाचा मेहुणा आहे आणि राजा त्याच्या बहिणीचा नवरा आहे, अशी एकच सोयरीक तो चार अंगांनी चार वेळा नमूद करतो. यातून नवी माहिती कवडीइतकीही मिळत नाही. परंतु हा मनुष्य आयुष्यभर एकाच खुंटीला लोंबकळत आलेला आहे आणि ती खुंटी निखळली तर त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीही उरणार नाही, हे त्या चार पुनरुक्त वाक्यांनी जितके शाबीत होते, तितके दुसऱ्या कोणा पात्राने त्याच्याविषयी चार पाने बोलून झाले नसते. मग तो उद्यानात गेल्याचे सांगतो, आणि तेथे पडलेला एका स्त्रीचा देह आपण पाहिला, किंवा पाहिला नाही, असे दोन्ही एका दमात बोलून जातो. होकार आणि नकार यांना अशा रीतीने एकाच क्रियापदाला जुंपणारा मनुष्य आंधळा नसतो. काय पाहिल्याचे कबूल करावे याची तजवीज त्याच्या मनात अद्याप व्हावयाची असते. आणि अखेर ते वाक्य येते, की कोणा नीच मनुष्याने यःकश्चित धनासाठी निर्जन उद्यानात बाहुपाशाने गळा आवळून वसंतसेनेला मारले, आणि त्याला जोडूनच, कोणी विचारलेले नसता, ‘मी नाही’ अशा अर्थाचे दोन शब्द त्याच्या तोंडून निसटतात. तो चटकन तोंडावर हात ठेवतो. परंतु न्यायाधीशाचे कान जागे आहेत. फिर्यादीचे पहिले पद म्हणून हे दोन शब्दच लिहून घ्या, असा तो कायस्थाला हुकूम देतो, कायस्थ ते लिहितो, आणि आपण फसलो हे ध्यानी येताच शकार पुढे होऊन ती अक्षरे पायाने पुसून टाकतो.

पुराव्याच्या कायद्याचा कोणताही ग्रंथ याहून चांगले उदाहरण देऊ शकेल असे मला वाटत नाही. आरोपच झालेला नसता जो नकार येतो, तो नकार नसून कबुलीच असते. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही कबुली शकाराच्या शब्दांत नाही, कारण ते शब्द खरोखरच निषेधाचे आहेत. ती त्या शब्दांच्या स्थानात आहे. तेच दोन शब्द न्यायाधीशाने संशय घेतल्यानंतर उच्चारले असते, तर ते एका सामान्य प्रतिवादीचे उत्तर ठरले असते.

आता याच न्यायसभेत थोड्या वेळाने उभा केलेला चारुदत्त पाहा. वसंतसेना तुझी मैत्रीण काय, या साध्या प्रश्नाला त्याला उत्तर देववत नाही. सभ्य गृहस्थाने चारचौघांत गणिकेशी असलेला स्नेह कसा सांगावा, या लज्जेने त्याचे वाक्य अडखळते. शकाराला वाक्ये पुरत नाहीत आणि चारुदत्ताला ती सुचत नाहीत. योगायोगाने विदूषकाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने जमिनीवर पडतात, पुरावा त्याच्यावर उलटतो, आणि आपली जिवलग गेली आहे असे ऐकल्यावर ज्याला जगण्यातच स्वारस्य उरलेले नाही असा तो चारुदत्त एक श्लोक बोलतो. त्या श्लोकाचा प्रारंभ ‘मी’ या कर्त्याने होतो, आपल्या क्रौर्याचा आणि इहपरलोकाच्या अज्ञानाचा उल्लेख होतो, एका स्त्रीरत्नाचा उल्लेख होतो, आणि जेथे ‘मारले’ हे क्रियापद यावयाचे तेथे तो थांबतो आणि उरलेले हा मनुष्य सांगेल, असे म्हणून शकाराकडे बोट दाखवितो.

कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद नाही. ज्याने मारले नाही त्याच्या जिभेला ‘मारले’ हे क्रियापद उचलतच नाही, आणि ज्याने मारले आहे त्याने ते पुरे करावे, हा त्या अपुऱ्या वाक्याचा अर्थ. चारुदत्ताला शकाराचा अपराध ठाऊक आहे की नाही हा प्रश्न टीकाकारांनी खुशाल चघळावा. शूद्रकाने वाक्याची जी मांडणी केली आहे तीत ते क्रियापद आपसुक त्याच्या खऱ्या धन्याच्या स्वाधीन झाले आहे. शेक्सपिअरच्या मॅक्बेथने डंकनच्या वधापूर्वीच्या आपल्या प्रसिद्ध स्वगताच्या पहिल्या वाक्यात त्या कृत्याचे नाव न घेता केवळ सर्वनामाने त्याचा निर्देश करावा, याचे इंग्रज टीकाकारांनी योग्य ते कौतुक केले आहे. तेथे शब्द टाळला जातो तो अपराधाच्या भयाने. येथे तो टाळला जातो निष्पापतेच्या अंगभूत असमर्थतेने. दुसरी गोष्ट साधणे मला अधिक कठीण वाटते. शकार ‘मी नाही’ म्हणून अपराधी ठरतो आणि चारुदत्त ‘मी’ म्हणून निरपराध ठरतो, आणि हे दोन्ही एकाच अंकात, एकाच कायस्थासमोर घडते, हे केवळ योगायोगाने झाले असे मानण्यास माझे मन तयार होत नाही.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळू. संस्कृत नाटकांत कोणी कोणती भाषा बोलावी याचा शिरस्ता भरताच्या नाट्यशास्त्राने घालून दिलेला आहे. मागधी, आवंती, प्राच्या, शौरसेनी, अर्धमागधी, बाल्हीका आणि दाक्षिणात्या अशा सात भाषा तेथे सांगितल्या आहेत, आणि राजे, ब्राह्मण, अमात्य यांच्याकडे संस्कृत, तर स्त्रिया व सेवकवर्ग यांच्याकडे प्राकृत, अशी स्थूल वाटणी आहे. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. भाषेची ही वाटणी माणसाच्या स्वभावाप्रमाणे केलेली नसून त्याच्या दर्जाप्रमाणे केलेली आहे. तेव्हा तिच्यातून दिसते ती समाजाची उतरंड, त्यात व्यक्तिदर्शन कसले, असे हा आक्षेप घेणारे म्हणतात. इतर पुष्कळ नाटकांपुरते मला ते मान्य आहे, आणि ती उतरंड मला वंदनीय वाटते असेही नाही. परंतु ‘मृच्छकटिका’त शूद्रकाने तो शिरस्ता वरकरणी पाळून त्याच्या पोटात जे करून ठेवले आहे, ते पाहिल्यावर हा आक्षेप टिकत नाही.

या नाटकावरील पृथ्वीधराची टीका निर्णयसागराच्या काशिनाथ पांडुरंग परबांनी शोधलेल्या आवृत्तीतून आपल्याकडे प्रसिद्ध आहे. तीत कोण कोणती प्राकृत बोलतो याची यादी दिली आहे, आणि शुष्क दिसणारी ती यादी काळजीपूर्वक वाचणाराला तिच्यातून मोठे धन लाभते. मागधी बोलणारे सहाजण त्याने सांगितले आहेत: अंगमर्दनाचा धंदा करणारा संवाहक, बौद्ध भिक्षू, शकाराचा, वसंतसेनेचा आणि चारुदत्ताचा असे तीन सेवक, आणि सहावा चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन. शकाराची शकारी तीही याच मागधीच्या कुळातली. ‘स’च्या जागी ‘श’ हे दोन्हींचे ठळक लक्षण. म्हणजे ज्या शकारबहुल उच्चाराला हसण्याची प्रेक्षकांना सवय, तो उच्चार एका खुनी मनुष्याच्या तोंडी आहे, त्या खुनी मनुष्याच्या गुलामाच्या तोंडी आहे आणि एका निरागस बालकाच्याही तोंडी आहे. ब्राह्मणाचा मुलगा असून रोहसेन सेवकांची भाषा बोलतो, याचे कारण शास्त्रात कोणी काहीही सांगो, मला त्यात दिसते ते हे की दारिद्र्याने ग्रासलेल्या त्या घरात तो मुलगा दासदासींच्या अंगाखांद्यावर वाढतो आहे.

आठव्या अंकात शकार आपल्या स्थावरक नावाच्या गुलामाला वसंतसेनेला मारण्यास सांगतो. सोन्याची कडी देतो, उष्टे अन्न देतो, मोठेपणा देतो, असे प्रलोभनामागून प्रलोभन. आणि स्थावरकाचे उत्तर असे की, धन्याची सत्ता या शरीरावर आहे, शीलावर नाही. दोघांचे वर्ण तेच, उच्चार तोच, प्राकृत जवळजवळ तीच. परंतु शकाराचे वाक्य घसरत, पुनरुक्ती करीत, एका लालुचीवरून दुसरीवर उड्या मारीत जाते, आणि गुलामाचे वाक्य दोन शब्दांच्या तराजूवर, शरीर एका पारड्यात आणि शील दुसऱ्यात ठेवून, स्थिर उभे राहते. उच्चारावरून माणसाचे गाव कळते, घर कळते. त्याचे अंतःकरण कळते ते वाक्याच्या घडणीवरून, हा भेद शूद्रकाने येथे जितका लख्ख केला आहे तितका भरतानेही केला नव्हता.

बालकाचे उदाहरण याहूनही हृदयंगम आहे. सोन्याची गाडी हवी म्हणून रडणाऱ्या रोहसेनाला वसंतसेना जवळ घेते, आणि ही तुझी आई, असे रदनिका दासी त्याला सांगते. त्यावर तो म्हणतो की तू खोटे बोलतेस, ही आमची आई असती तर हिच्या अंगावर दागिने कसे असते? वसंतसेना रडत रडत दागिने उतरविते आणि त्यांनी त्याची मातीची गाडी भरते. नाटकाला नाव मिळते ते या प्रसंगावरून. मुलाच्या त्या वाक्यात अलंकार नाही, विशेषण नाही, तक्रारही नाही. आई म्हणजे जिच्या अंगावर दागिने नसतात ती, ही त्या घरातल्या मुलाची व्याख्या आहे, आणि ती तो पंडिताच्या निःशंकतेने मांडतो. चारुदत्ताच्या दारिद्र्यावर पहिल्या अंकात जे सुंदर श्लोक आहेत, त्या सर्वांपेक्षा हे एक बोबडे वाक्य मला वजनदार वाटते.

ज्याची भाषा मात्र सर्वांत मिरविणारी आणि सर्वांत दुःखी आहे तो शर्विलक. हा चतुर्वेदी ब्राह्मणाच्या कुळातला तरुण, मदनिका नावाच्या दासीवर याचे प्रेम, आणि तिच्या मुक्ततेसाठी लागणारे द्रव्य मिळविण्याकरिता तो तिसऱ्या अंकात चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. हे काम तो अस्खलित संस्कृतात करतो. भाजलेल्या विटा ओढून काढाव्या, कच्च्या विटा कापाव्या, मातीची भिंत भिजवावी, लाकडाची फोडावी, असे चौर्यशास्त्राच्या आचार्यांचे नियम तो सांगतो. भगदाडाचे कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे आकार मोजतो आणि भाजलेल्या विटांना पूर्णकुंभ शोभतो असा निर्णय देतो. मोजण्याची दोरी विसरली म्हणून यज्ञोपवीत काढून त्याने माप घेतो आणि यज्ञोपवीताचे चोराला होणारे उपयोग क्रमवार सांगतो. सेवेत हात जोडून उभे राहण्यापेक्षा ही स्वतंत्र वृत्ती बरी आणि द्रोणपुत्र अश्वत्थाम्याने हा मार्ग पूर्वीच घालून दिला आहे, असा इतिहासाचाही आधार तो घेतो. प्रेक्षक या साऱ्याला हसतात, आणि नटही बहुधा हसविण्यासाठीच तो भाग करतात. मला त्यात हास्यापेक्षा वेगळे काही ऐकू येते. ज्याला आपले कृत्य लाजिरवाणे वाटत नाही तो मनुष्य इतकी प्रमाणे देत नाही. सूत्र, आचार्य, परंपरा, पर्याय आणि निर्णय अशा क्रमाने चालणारे हे वाक्य म्हणजे शिकलेल्या माणसाने आपल्या विवेकापुढे उभा केलेला पडदा आहे; आणि तो फाटतो तेव्हा वाक्याची चालच बदलते. त्या अंकात एका क्षणी तो दारिद्र्याचा धिक्कार करतो आणि म्हणतो की हे गर्ह्य कर्म मी निंदितोही आहे आणि करतोही आहे. आचार्य गेले, प्रमाणे गेली, उरली दोन नागडी क्रियापदे. या दोन क्रियापदांच्या अलीकडे जो विद्वत्तेचा सारा डोलारा आहे, तो प्रयोगात ‘फार लांबतो’ म्हणून कापला की, ती क्रियापदे बोलणारा शर्विलक एक सामान्य पश्चात्तापी चोर होतो.

चारुदत्ताची पत्नी धूता ही नाटकात फारच थोडे बोलते. शर्विलकाने चोरून नेलेल्या ठेवीची भरपाई व्हावी म्हणून तिला आपली रत्नावली पतीला द्यावयाची आहे, पण पत्नीचे स्त्रीधन घेणे त्या मानी पुरुषाला कमीपणाचे वाटेल हेही ती जाणते; म्हणून रत्नषष्ठीच्या व्रताचे निमित्त काढून ती रत्नावली ती ब्राह्मणाला दान म्हणून विदूषकाच्या हाती ठेवते. तिने देण्याचे कारण एकदाही उच्चारलेले नाही. तिच्याविषयी एवढे सांगितले की पुरे.

वसंतसेनेच्या बाबतीत शूद्रकाने नेहमीची वाटणी उघडपणे बाजूला ठेवली आहे. एरवी शौरसेनी बोलणारी ही गणिका पाचव्या अंकात, मुसळधार पावसात अभिसाराला निघाली असता, एकाएकी संस्कृत श्लोक बोलू लागते. मेघ गर्जला तर गर्जो, पुरुष निष्ठुरच असतात, पण विजे, तू तरी स्त्री असून स्त्रीचे दुःख जाणत नाहीस काय, अशा आशयाचा विजेला दिलेला दोष त्यांतलाच. दोनच अंक मागे विदूषकाने, संस्कृत बोलणारी स्त्री ऐकली की आपल्याला हसू येते, असे सांगून ठेवले आहे. मैत्रेय विदूषक हा ब्राह्मण असून प्राकृत बोलतो, आणि त्याने जिला हसावे अशी गणिका ऐन उत्कटतेच्या घटकेला संस्कृत बोलते! त्या वादळात तिने ज्या चाकोऱ्या मागे टाकल्या आहेत, त्यांत नेहमीच्या भाषेची चाकोरीही आहे. मूळ नाटक ऐकणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर त्या क्षणी रोमांच उभे राहिले असतील, आणि आपल्या विद्यार्थ्यांना मात्र त्याची वार्ताही लागत नाही.

ती का लागत नाही, याचे उत्तर आपल्या छापील पुस्तकांत आहे. संस्कृत नाटकांच्या आवृत्त्यांत प्रत्येक प्राकृत वाक्याची संस्कृत छाया दिलेली असते. ही सोय करणारे संपादक थोर होते आणि प्राकृत व्याकरणाचा गंध नसलेल्या विद्यार्थ्याला ती उपकारकही आहे. परंतु वर्गात शिक्षक छायाच वाचतात, परीक्षेत प्रश्न छायेवर येतात, आणि विद्यार्थी छायाच पाठ करतात, हा आता सार्वत्रिक परिपाठ झाला आहे. त्यामुळे शकार, स्थावरक, रोहसेन, वसंतसेना, न्यायाधीश आणि चोर ही सारी मंडळी एकच संस्कृत बोलू लागतात. वाक्याचा सांगाडा छायेत उरतो हे खरे; पण धनी आणि गुलाम एकाच उच्चाराचे असून अंतःकरणाने किती दूर आहेत, हे कळण्यासाठी तो उच्चार कानावर पडावा लागतो, आणि वसंतसेना संस्कृत बोलते याचे नवल वाटण्यासाठी ती एरवी संस्कृत बोलत नाही हे ठाऊक असावे लागते.

सहाव्या अंकातील एक प्रसंग तर छायेच्या पद्धतीने शिकविताच येत नाही, आणि तो नेमका आपल्या दक्षिणेशी निगडित आहे. बंदिवासातून निसटलेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपला आहे. वीरक आणि चंदनक हे दोन रक्षक गाडी अडवितात. चंदनक आत डोकावतो, आर्यकाला ओळखतो आणि त्याला अभय देतो. बाहेर येऊन आत कोण आहे हे सांगताना त्याच्या तोंडून प्रथम पुल्लिंगी ‘आर्य’ निघते आणि मग तो घाईने स्त्रीलिंगी ‘आर्या’ अशी दुरुस्ती करून वसंतसेनेचे नाव घेतो. वीरकाला संशय येतो तो या एका प्रत्ययावरून. तेव्हा चंदनक म्हणतो की आम्ही दाक्षिणात्य, आमचे बोलणे अस्पष्टच असते. आणि खस, कर्नाट, द्रविड, चोल, चीन, बर्बर अशा कितीएक लोकांची नावे घेऊन, इतक्या देशांच्या भाषा जाणणारे आम्ही हवे तसे बोलतो, असा तो बचाव करतो. एवढ्याने भागत नाही असे पाहून तो कर्नाटकी धर्तीचे भांडण उकरून काढतो. दयेपोटी सुटलेला एक अपराधी प्रत्यय, आणि तो झाकण्यासाठी आपल्या प्रांताची ओढलेली ढाल! उत्तरेच्या राजधानीत चाकरीला असलेल्या दक्षिणी माणसाला त्याच्या बोलण्यावरून हिणविले जात असणार, आणि तेच हिणविणे त्याने येथे एका पळालेल्या माणसाचा जीव वाचविण्याच्या कामी लावले आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या प्रसंगाइतका जवळचा प्रसंग संस्कृत नाटकांत दुसरा क्वचितच सापडेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच निर्णयात पाली, प्राकृत, असमिया व बंगाली यांनाही तो दिला. मराठीच्या प्राचीनत्वाची कैफियत मांडताना आपण महाराष्ट्री प्राकृताचा आणि हालाच्या गाथासप्तशतीचा आधार मोठ्या अभिमानाने घेतला होता. सनद हाती आली. आता ज्या प्राकृताच्या पुराव्यावर ती मिळाली, ते प्राकृत आपल्या महाविद्यालयांत छायेच्या पडद्याआड ठेवणे आपल्याला शोभत नाही.

रंगभूमीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले, आणि माणसाप्रमाणे वाक्य बदलण्याची जी विद्या त्या सहवासात अंगी मुरली असेल, ती १८९९ साली ‘शारदा’ लिहिताना त्यांनी मराठी घरांतल्या बोलण्यावर चालविली. भद्रेश्वर दीक्षिताची मध्यस्थाची साखरपेरणी, कांचनभटाची लोभाने आखूड झालेली वाक्ये आणि शारदेच्या मैत्रिणींची थट्टा यांत एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून पाहावे, ते बसत नाही. आज जुन्या नाटकांचे प्रयोग करताना पाच किंवा अधिक अंकांचे दोन अंक करावे लागतात, याला माझी हरकत नाही. रात्रभर बसणारा प्रेक्षक आता नाही. हरकत आहे ती कात्री कोठे चालते याला. ती प्रथम चालते पुनरुक्तीवर, आडवळणी वाक्यांवर, ‘अर्थाला आवश्यक नसलेल्या’ शब्दांवर. आणि शकाराची चार वेळा सांगितलेली सोयरीक, शर्विलकाची चौर्यशास्त्रातली प्रमाणे, चारुदत्ताचे क्रियापदावाचून राहिलेले वाक्य, ही सगळी याच सदरात पडतात. कात्री लावावयाचीच तर एखादा प्रवेश सबंध काढावा. उरलेल्या प्रवेशांतली माणसे मात्र आपापल्या वाक्यांत राहू द्यावी.

येथे एका मोहापासून सावध राहणे अगत्याचे आहे. शकाराची भाषा वेगळी दाखवावयाची म्हणून त्याला एखाद्या जिल्ह्याची बोली देणे सोपे असते, आणि वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणारा म्हणजे हसविणारा किंवा हलका मनुष्य, असा एक अन्याय्य परिपाठ आपल्या रंगभूमीने आणि चित्रपटांनी बराच काळ चालविला आहे. शूद्रकाने असे केलेले नाही. ज्या मागधीत शकार बोलतो त्याच मागधीत त्याने स्थावरकाचे शील आणि रोहसेनाची निरागसता बोलविली आहे. शकाराचे शकारपण कोणत्याही प्रांताच्या अंगावर न टाकता त्याच्या वाक्यांतच दाखविता येते. अंधारात वसंतसेनेचा माग काढताना तो माळेचा वास ऐकतो, आणि नाक अंधाराने भरल्यामुळे दागिन्यांचा आवाज त्याला दिसत नाही. तो द्रौपदीला रामाच्या भयाने पळविणारा आणि सीतेला चाणक्याकडून मारविणारा आहे. ज्याने पुराणे ऐकली पण समजून घेतली नाहीत आणि ज्याची चूक दाखविण्याची कोणाची छाती झाली नाही, अशा लाडावलेल्या अधिकारी मनुष्याचे हे बोलणे आहे. ते नागर, प्रमाण मराठीतही तितकेच भयंकर वाटेल. मी तर म्हणेन, अधिक वाटेल.

विद्यापीठांच्या संस्कृत अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या विद्वानांना माझी विनंती एवढीच आहे की, पुढील अभ्यासक्रम ठरविताना ‘मृच्छकटिका’चे सहावा आणि नववा हे दोन अंक त्यांनी मूळ प्राकृतासह नेमावे, परीक्षेतील निदान एक प्रश्न छायेवर न विचारता मूळ वाक्यावर विचारावा, आणि वर्गात ते अंक एकट्या शिक्षकाने न वाचता विद्यार्थ्यांना पात्रे वाटून मोठ्याने वाचावयास लावावे. या कामाला नवा ग्रंथ लागत नाही, अनुदान लागत नाही. मूळ प्राकृत आपल्या ग्रंथालयांतील प्रत्येक जुन्या आवृत्तीत छायेच्या शेजारीच छापलेले आहे.